पगच्या नाकावरच्या वळीसाठी घेतलेले वाइप्स, पावसाळाभर वापरून

आमच्याकडं पग जातीचा कुत्रा आहे, नाव भडंग, वय चार. २००३ ची ती हच मोबाइल कंपनीची पगवाली जाहिरात बघितल्यापासून दादाच्या डोक्यात पगच बसलेला, मग एकदाचा आणला, आणि आता त्याचं सगळं करायला मी. जाहिरातीत वास येत नाही ना, तीच अडचण आहे. गेल्या जूनच्या शेवटी पाऊस लागला, पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की आमच्यात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तसंच ह्याच्या नाकावरच्या वळीचं झालं. वरनं काही दिसायचं नाही, पण बोटानं वळी उघडली की आत लालभडक, केस गेलेले, चॉकलेटी चिकट मळ आणि आंबूस वास, पाव फुगायला ठेवल्यासारखा.

आधी जे केलं ते सांगते, म्हंजे तुम्ही करू नका. आईनं खोबरेल तेलात हळद कालवून लावली, नाक पिवळं, सोफा पिवळा, वास डबल. मग एका मेडिकलवाल्यानं माणसांची खाजेची ट्यूब दिली, चार दिवसात एकदम छान वाटलं आणि पाचव्या दिवसापासून आधीपेक्षा वाईट, कारण तिच्यात स्टेरॉइड असतं, लाली दबते पण कातडी पातळ होते, वर हा जीभ वर करून चाटतो ते वेगळंच.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं. मॅडमनी वळीत सेलोटेपचा तुकडा चिकटवून काढला, काचेवर लावून रंग घातला आणि मला म्हणाल्या, ताई, बघा. मायक्रोस्कोपमधे जांभळे जांभळे ठिपके, मधे कंबर असलेले, अगदी चपलेच्या ठशासारखे. कोल्हापूरच्या कुत्र्याला चपलाच निघणार, दुसरं काय! त्याला मॅलासेझिया म्हणतात, म्हंजे यीस्ट, एक प्रकारची बारीक बुरशी, ते कुत्र्याच्या अंगावर असतंच, पण ओलं, उबदार आणि बंद जागा मिळाली की वाढतं आणि तेलकट त्याला लय आवडतं. म्हंजे आम्ही खोबरेल लावून पंगतच घातली होती. पगचं तोंड चपटं, डोळ्यातलं पाणी सरळ वळीत उतरतं, त्यामुळं ही जागा पावसाळा नसला तरी ओलीच.

तर मॅडमनी क्लोरहेक्झिडीनचे, म्हंजे जंतुनाशकाचे वाइप्स आणि क्लोरहेक्झिडीन-मायकोनाझोलचा (हे दुसरं बुरशीवरचं औषध) शाम्पू लिहून दिला. वाइप्स शाहूपुरीतल्या पेटशॉपमधे मिळाले, पन्नासचं पाकीट, चारशेच्या आत. आकार मोठा आहे, पगच्या नाकाला अर्धा बास, मी कात्रीनं कापून घेते. अल्कोहोल नाही त्यामुळं झोंबत नाही, पहिल्यांदा पुसलं तेव्हा भडंग दचकला पण पळाला नाही. नीट वापरायला लागल्यावर आठ-दहा दिवसात वास गेला, तीन आठवड्यात केस यायला लागले. पण पहिला आठवडा मी फक्त पुसून सोडत होते आणि काहीच फरक नव्हता, कारण वाइप ओला, वळी बंद, वर कोल्हापूरचा पाऊस! फॉलोअपला मॅडम म्हणाल्या, पुसल्यावर कोरडं कोण करणार? तेव्हापासून पुसायचं, मग साध्या सुती कापडाचं टोक बोटाला गुंडाळून वळीच्या बुडापर्यंत टिपायचं, घासायचं नाही. खरा फरक तिथनं पडला, आणि पाकिटावर ह्याबद्दल एक ओळ नाही, म्हणून एक स्टार कापला.

दुसरी तक्रार, हे औषध डोळ्यात जाऊ द्यायचं नाही, बुबुळाला इजा होते, आणि पगचे डोळे तर बाहेरच आलेले. ही सूचना पाकिटावर आहे, पण इतकी बारीक की भिंग पाहिजे. मी नाकाकडनं बाहेर पुसते, डोळ्याच्या बाजूचा कोपरा नुसत्या ओल्या कापसानं.

शाम्पू अंगावर दहा मिनिटं ठेवायचा असतो, तरच काम करतो, लावला आणि धुतला तर पैसे मोरीत. दहा मिनिटं पगला मोरीत उभं करणं म्हंजे काय ते करून बघा, मी चमच्यावर दही घेऊन बसते आणि थोडं थोडं चाटवते.

आणि शेपटीखाली बघा. ह्यांची शेपटी गुंडाळलेली, तिच्या बुडाशी पण एक वळी असते, आम्हाला चार वर्षं पत्ताच नव्हता, भडंग ढुंगण जमिनीला घासायचा आणि आम्ही जंताचं औषध देत होतो. तिथंही तेच चॉकलेटी मळ निघालं, आता तिथंही वाइप आणि सुतीचं टोक. मॅडमनी वजनावरनंही झापलं, जाड झाला की वळ्या अजून खोल होतात, त्यामुळं बाबांची तूप लावलेली चपाती बंद. बाबा अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

पाचपैकी चार देते. फक्त झाकणाचं स्टिकर दोन आठवड्यात सुटतं आणि वरचे वाइप्स वाळून जातात, त्यामुळं पाकीट उलटं ठेवा, पाणी झाकणाकडं उतरतं.