रॅव्ह-फोर हायब्रिड की सीआर-व्ही हायब्रिड, आमचं मागच्या सीटवर ठरलं

तीन महिने घरात हाच विषय. टोयोटाची रॅव्ह-फोर हायब्रिड घ्यायची की होंडाची सीआर-व्ही हायब्रिड. दोन्ही एसयूव्ही, आणि हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत इलेक्ट्रिक मोटरही असलेली. रॅव्ह-फोर १९९४ ला आली, सीआर-व्ही १९९५ ला, तेव्हापासून दोघींची चुरस चालूच आहे, त्यामुळे एकीत जे आहे ते दुसरीत थोड्याफार फरकाने असतंच आणि म्हणूनच डोक्याला ताप होतो. आम्ही बघितली ती रॅव्ह-फोर पाचव्या पिढीची आणि सीआर-व्ही सहाव्या पिढीची. घरात आम्ही पाच जण, मी, नवरा, दीड वर्षाची मुलगी आणि आईबाबा, त्यात बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं.

आधी अ‍ॅव्हरेजचं सांगते, कारण सगळे पहिलं तेच विचारतात. ईपीए या अमेरिकेतल्या सरकारी पर्यावरण संस्थेच्या टेस्टप्रमाणे रॅव्ह-फोर हायब्रिड शहर आणि हायवे मिळून लिटरला साधारण १७ किलोमीटर देते, सीआर-व्ही फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये, म्हणजे फक्त पुढच्या चाकांना पॉवर असलेली, तेवढीच, आणि चारही चाकांना पॉवर असलेली घेतली तर जवळपास १५.७. म्हणजे चारही चाकांचीच हवी असेल तर टोयोटा पुढे आहे, हायवेवर तर जास्तच. पण सव्वा किलोमीटरसाठी मी गाडी ठरवणार नाही असं माझं पहिल्यापासून मत होतं आणि अजूनही आहे.

चालवताना मात्र दोघींचा स्वभाव एकदम वेगळा, आणि त्याचं कारण आतल्या रचनेत आहे. टोयोटात २.५ लिटरचं इंजिन आणि मोटर एका प्लॅनेटरी गिअरने (मधल्या चाकाभोवती छोटी चाकं फिरतात तसा गिअर) जोडलेत, दोघं मिळून चाकं फिरवतात, एकूण पॉवर २१९ हॉर्सपॉवर. होंडात इंजिन २ लिटरचं, एकूण २०४, पण शहरात ते इंजिन बहुतेक वेळ नुसता जनरेटर फिरवतं आणि चाकं फिरवायचं काम मोटर करते, हायवेच्या स्पीडला आलं की एक क्लच लागतो आणि मग इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. कागदावर टोयोटा जोरदार आहे, पण सिग्नलवरून निघताना मला होंडाच जास्त हलकी वाटली, अगदी इलेक्ट्रिक गाडीसारखी सरकते. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की रॅव्ह-फोरचं इंजिन वरच्या सुरात जातं आणि तिथेच राहतं, होंडात इंजिनाचा आवाज गिअर बदलल्यासारखा टप्प्याटप्प्याने चढवलाय, ते कानाला बरं वाटतं. नवऱ्याला याचं काहीच वाटलं नाही, त्याला रॅव्ह-फोरची उंच बसायची पोझिशन आणि ते मोठे रबरी ग्रिपचे एसीचे नॉब जाम आवडले. नॉब होंडातही आहेत म्हणा, दोन्ही कंपन्यांनी एसी स्क्रीनमध्ये कोंबला नाही हे फार चांगलं केलंय.

चिखलाचे, बर्फाचे रस्ते असतील तर अजून एक फरक. रॅव्ह-फोरमध्ये मागच्या चाकांना वेगळी मोटर आहे, पुढून मागे शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणारा दांडा, जातच नाही. सीआर-व्हीत शाफ्ट आहे. आमचं सगळं फिरणं डांबरी रस्त्यावर, त्यामुळे यात मी फार खोल गेले नाही.

आता मागची सीट. आम्ही टेस्ट ड्राइव्हला मुलीची कारसीट, स्ट्रोलर आणि बाबांना सोबत घेऊन गेलो होतो, आणि माझं ऐकाल तर तुम्हीही हेच करा, कारण शोरूममध्ये एकटं जाऊन बसलं की दोन्ही गाड्या मोठ्याच वाटतात. कारसीट मागे तोंड करून लावायची असते, ती रॅव्ह-फोरमध्ये लावली तर पुढची सीट इतकी पुढे घ्यावी लागली की माझे गुडघे डॅशबोर्डला टेकायला आले. सीआर-व्हीत तीच सीट लावली आणि पुढे मी नेहमीसारखी बसले. मागच्या लेगरूमचा आकडा बघितला तर रॅव्ह-फोर ३७.८ इंच आणि सीआर-व्ही ४१, म्हणजे तीन इंचांहून जास्त फरक. वाचताना तीन इंच म्हणजे काय ते कळत नाही हो, बाबा बसले तेव्हा कळलं. त्यांचा उजवा गुडघा पूर्ण वाकत नाही, म्हणून ते आधी सीटवर टेकतात, मग मांडीला हात लावून पाय आत उचलून घेतात. रॅव्ह-फोरमध्ये बुटाचं टोक दाराच्या कडेला अडलं, दोनदा. सीआर-व्हीचं मागचं दार जवळपास काटकोनात उघडतं, पाय सरळ आत गेला आणि बाबांनी दार स्वतःच ओढून घेतलं. आई लगेच म्हणाली, "झालं, हीच घ्या."

डिकीत दोन्ही सारख्याच, रॅव्ह-फोर कणभर मोठी, स्ट्रोलर दोन्हीत आडवा बसला. पण होंडाच्या हायब्रिडमध्ये बॅटरी डिकीच्या फ्लोअरखाली आहे आणि आम्ही बघितलेल्या गाडीत स्पेअर व्हील नव्हतं, नुसतं पंक्चर किट. रॅव्ह-फोरमध्ये स्पेअर होतं. ही गोष्ट मला खरंच खटकते. आमच्या जुन्या गाडीचा टायर एकदा रात्री बाजूने कापला गेला होता, किटमधलं ते पांढरं लिक्विड सगळं बाहेर वाहून गेलं आणि आईबाबांना घेऊन दोन तास रस्त्याच्या कडेला बसलो होतो. बाजूने कापलेल्या टायरला किटचा काही उपयोग नसतो, स्पेअरच लागतं.

तरी सीआर-व्हीच बुक केलीय. तुमच्या घरी मुलं मोठी असतील, मागे रोज कोणी म्हातारं माणूस बसत नसेल आणि लांबचे प्रवास जास्त असतील तर रॅव्ह-फोर बिनधास्त घ्या, मीही तीच घेतली असती. आणि पूर्ण नवीन मॉडेलच हवं असेल तर सहाव्या पिढीची रॅव्ह-फोर टोयोटाने २०२५ मध्ये दाखवलीय, त्यात नुसत्या पेट्रोलची येतच नाही, हायब्रिड किंवा प्लग-इन (बाहेरून चार्ज करता येणारी हायब्रिड) एवढंच. आम्हाला तेवढं थांबायचं नव्हतं. स्पेअर व्हील आम्ही वेगळं घेऊन डिकीत ठेवणार आहोत, ते ठेवल्यावर स्ट्रोलर आडवा बसतो की उभा ठेवावा लागतो ते गाडी आली की मोजून बघते.