बीटी, एनपीव्ही की बिव्हेरिया?

बीटी (जिवाणू), एनपीव्ही (विषाणू) आणि बिव्हेरिया (बुरशी) यांतलं जैविक कीटकनाशक निवडताना आधी किडीचं तोंड बघा: पान कुरतडणारं की रस शोषणारं. मावा, पांढरी माशी, फुलकिडे यांच्यावर बीटी फवारणं म्हणजे पाणी फवारणं.

बीटी हा जिवाणू अळीच्या पोटात जावा लागतो. तिच्या अल्कधर्मी आतड्यात त्याचे प्रथिनस्फटिक विरघळतात आणि आतड्याला भोकं पडतात. काही तासांत खाणं बंद. मरायला मात्र दोन-तीन दिवस. म्हणून दुसऱ्या दिवशी मेलेल्या अळ्या मोजत बसू नका, पानावर ताजी विष्ठा दिसते का ते बघा.

एनपीव्ही विषाणूही खाल्ल्यावरच लागतो, पण तो फार निवडक. घाटेअळीचा एचएएनपीव्ही पानं खाणाऱ्या स्पोडोप्टेरा अळीला काही करत नाही. हरभऱ्यावर हेक्टरी २५० एलई (अळी-समतुल्य, विषाणू मोजायचं एकक) मात्रा रूढ आहे. मरायला चार ते सात दिवस लागतात. रोगट अळी शेंड्याकडे चढते, उलटी लटकते. बोट लागलं की कातडी फुटून पातळ द्रव गळतो. तो पानांवर सांडला की पुढच्या अळ्यांना लागण होते. एकट्या घाटेअळीचा लोंढा असेल तर एनपीव्ही, मिश्र अळ्या असतील तर बीटी.

दोन्हींचा शत्रू ऊन, त्यामुळे फवारणी संध्याकाळीच. अळी लहान हवी. एकदा घाट्यात शिरली की तिच्यापर्यंत काही पोचत नाही. म्हणूनच कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर ओढणाऱ्या) घाटेअळीचे पतंग वाढू लागले की शेंडे आणि कळ्या तपासायला लागा.

रसशोषकांसाठी बिव्हेरिया. ही बुरशी खावी लागत नाही. बीजाणू किडीच्या अंगावर रुजून कातडीतून आत शिरतात. त्यासाठी कित्येक तास दमट हवा लागते, कोरड्या उन्हाळ्यात फवारणी फुकट जाते. भुकटी (ग्रॅमला १० कोटी बीजाणूंची) लिटरला ५ ग्रॅम: आधी थोड्या पाण्यात कालवा, गाळा, मग टाकीत ओता, नाहीतर नोझल तुंबतं. पानाची खालची बाजू भिजलीच पाहिजे. सगळ्यात जास्त घोळ होतो तो मँकोझेब किंवा ताम्रयुक्त बुरशीनाशकाने: ते बिव्हेरियालाही मारतं. टाकी स्वच्छ धुवा, बुरशीनाशक आणि बिव्हेरियाच्या फवारणीत आठवडाभर अंतर ठेवा. मेलेल्या किडीवर पांढरा कापूस फक्त ओलाव्यात उगवतो. तो नाही म्हणून औषध वाया गेलं असं नाही.

तुतीजवळ मात्र बीटी नको आणि बिव्हेरियाही नको, कारण तिची पानं रेशीमकिडे खातात. दोन्ही आधी आजारी रेशीमकिड्यांतच ओळखले गेले: बुरशी १८३५ मध्ये इटलीच्या बास्सी या शास्त्रज्ञाने, जिवाणू १९०१ मध्ये जपानच्या इशिवाता यांनी.