८×४२ दुर्बीण, दोन दिवस समुद्रावर वापरून बघितली

आधी माझ्याकडे १०×५० (म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, पुढची लेन्स ५० मिलिमीटरची) होती, ती जड, आणि किनाऱ्यावर वारा सुटला की हात हलायचे आणि चित्र नुसतं नाचायचं. म्हणून ऑक्टोबरात स्थलांतर बघायला दोन दिवस समुद्रावर जायचं ठरलं तेव्हा मुद्दाम ८×४२ घेतली आणि अजिबात पस्तावले नाही.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे एका वेळी दिसणारा भाग मोठा आहे. सँडरलिंग हे किनाऱ्यावरचे छोटे पक्षी लाटेच्या मागे पळतात, लाट आली की परत उलटे पळतात, जुन्या दुर्बिणीत ते सारखे निसटायचे, हिच्यात अख्खा थवा मावला. पहाटे अंधुक उजेडातही चित्र स्वच्छ होतं, ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो त्याचा हा फायदा.

दुसऱ्या दिवशी पूर्ण भरतीच्या दोन तास आधीच जाऊन बसलो, पाणी चढत गेलं तसे चिखलातले पक्षी आपणहून जवळ सरकत आले. एक तुतारी (सँडपायपर पक्षी) एवढी जवळ आली की पाठीवरच्या प्रत्येक पिसाची फिकट कड वेगळी दिसत होती, अगदी माशाच्या खवल्यांसारखी, म्हणजे याच वर्षीचं पिल्लू! थोड्या वेळाने पट्टेरी शेपटीचे पाणटिवळे (बार-टेल्ड गॉडविट) उतरले. याच जातीचं पाच महिन्यांचं पिल्लू २०२२ मध्ये अलास्काहून टास्मानियाला ११ दिवसांत १३,५६० किमी न थांबता उडत गेलं होतं, हे माहीत असताना समोर त्यांना चोच खुपसून खाताना बघणं... मला खरंच भरून आलं.

आता कमी काय ते. ओहोटीला पक्षी लांब पांगतात तेव्हा ही पुरत नाही, एका पाणटिवळ्याच्या पायात रंगीत फ्लॅग (अभ्यासक ओळखीसाठी लावतात ती पट्टी) होता पण त्यावरची अक्षरं काही केल्या वाचता आली नाहीत, त्याला स्टँडवरचा स्पॉटिंग स्कोपच (एका डोळ्याने बघायची जास्त ताकदीची दुर्बीण) हवा. पुढच्या लेन्सची झाकणं ढिली आहेत, पहिल्याच दिवशी एक वाळूत पडलं. सोबतचा पट्टा बारीक आहे, दुपारपर्यंत मान दुखते, मी लगेच खांद्यावरून घ्यायचा हार्नेस लावला. चष्मेवाल्यांनी डोळ्याकडचे रबरी कप खाली फिरवून घ्या, नाहीतर कडेने काळं दिसतं.

आणि एक, खाऱ्या वाऱ्याने लेन्सवर मिठाचा थर बसतो, तो कोरड्या कपड्याने पुसू नका, वाळूचा कण असला तर ओरखडा पडतो. आधी ब्लोअरने हवा मारा, मग ओलसर कपड्याने हलक्या हाताने टिपून घ्या.