दहा मीटरची दोरी आणि डॉग पार्क: काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांचं काम होईल. कुत्र्यासाठी लांब दोरी घ्यावी, छातीवर वाय आकारात बसणारा हार्नेस (अंगाभोवती बांधायचे पट्टे) घ्यावा, रोज दोन वेळा हुंगत-हुंगत फिरवावं आणि डॉग पार्कला, म्हणजे कुत्र्यांना मोकळं सोडायच्या कुंपणातल्या जागेत, आठवड्यातून दोन-तीनदा जावं. बरेच जण नेमकं उलट करतात. रोज पार्कात सोडायचं, अर्धा तास मोबाइल बघायचा आणि कुत्र्याचा व्यायाम झाला म्हणून घरी यायचं. काही महिन्यांत कुत्र्याचा दम वाढतो, पण शांतपणा येत नाही. उलट दरवाजा दिसला की ओढाओढ, दुसरा कुत्रा दिसला की भुंकाभुंकी. सतत पळापळ आणि दंगामस्ती करून शरीर थकतं, डोकं मात्र तापलेलंच राहतं.

आधी दोरीबद्दल. वापरातली दोरी दहा मीटर लांब, १३ मिलिमीटर रुंद, बायोथेनची. म्हणजे आत पॉलिस्टरची विणलेली पट्टी आणि वर प्लास्टिकचा थर. नायलॉनची दोरी हाताला मऊ लागते, पण ओल्या गवतातून फिरली की पाणी पिऊन जड होते, दोन दिवसांत वास मारते आणि कुत्रा सुसाट सुटला तर तळहात सोलून काढते. बायोथेन फडक्याने पुसलं की कोरडं. मध्यम चणीच्या कुत्र्याला १३ मिलिमीटर पुरते. लॅब्राडॉर किंवा जर्मन शेफर्डसारखा दांडगा गडी असेल तर १६ किंवा १९ घ्या. त्याहून जाड घेऊ नका, दोरीच्या वजनानेच कुत्रा वाकडा चालायला लागतो. बायोथेनची खोड एकच, ओल्या हातातून तेही निसटतं. उपाय म्हणजे हाताकडच्या शेवटच्या तीन मीटरमध्ये दोन गाठी मारा. सगळ्या लांबीवर गाठी मारल्या तर त्या झुडपांत आणि दगडांच्या फटीत अडकतात. टोकाला हात घालायचा फास शिवलेला असेल तर तो कापून टाका, कारण जमिनीवर घसटत जाणारा फास कुठेतरी गुंततोच. आणि दोरी मनगटाला किंवा बोटांना गुंडाळायची नाही, कधीच नाही. तीस किलोचा कुत्रा मांजरामागे सुटला तर बोट मोडतं.

काही महिन्यांनी झीज कुठे दिसते? पट्टीला जवळपास काही होत नाही, वरच्या थरावर ओरखडे येतात तेवढेच. बिघडतो तो हुक. त्याच्या फिरत्या भागात वाळू जाऊन बसते, मग हुक फिरायचा थांबतो आणि दोरीला पीळ पडत जातो. खटक्याची स्प्रिंगही चिकटते. बाहेरून हुक बंद दिसतो, पण खटका केसभर उघडा राहिलेला असतो आणि तेवढ्यावरून कडी निसटते. आठवड्यातून एकदा हुक साध्या पाण्याखाली धुवायचा, वाळवायचा, तेलाचा एक थेंब सोडायचा. निघण्यापूर्वी खटका मागे ओढून सोडून द्या. तो आपोआप ‘टक’ करून बंद झाला पाहिजे. बोटाने ढकलावा लागत असेल तर त्या दिवशी दुसरी दोरी. हुक पितळेचा किंवा स्टेनलेस स्टीलचा असलेला बरा.

दोरी गळ्यातल्या पट्ट्याला लावू नका. दहा मीटर धावून आलेल्या वेगाचा हिसका सरळ श्वासनलिकेवर आणि मानेच्या मणक्यांवर बसतो. ती हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला लावायची. छातीवरची कडी ओढ कमी करायला चांगली, पण ती आखूड पट्ट्यासाठी; लांब दोरीचा हिसका तिथे बसला तर कुत्रा गर्रकन फिरून पडतो. हार्नेस बसवताना सगळीकडे दोन बोटं सपाट जातील इतकी जागा ठेवा. पोटावरचा पट्टा पुढच्या पायाच्या कोपरापासून तीन-चार बोटं मागे हवा. पुढे आला की काखेत घासतो. केस विरळ होणं ही पहिली खूण, त्यानंतर लाल चट्टा. आपोआप गुंडाळणारा पट्टा हा याला पर्याय नाही. त्यात ताण सतत असतो, त्यामुळे ओढलं की पुढे जाता येतं हेच कुत्रा शिकतो. शिवाय त्याची बारीक दोरी पायाला कापते.

दोरी हाताळायला आठवडाभर लागतो. एका हातात आठच्या आकड्यासारखे सैल वळसे, दुसऱ्या हातातून दोरी सरकती. कुत्रा पुढे गेला की बोटं हळूहळू आवळत, दोन-तीन पावलं त्याच्याबरोबर जात थांबवायचं, जागेवर खुंटासारखं उभं राहायचं नाही. साधारण सातव्या मीटरवर हाक मारा, म्हणजे दोरी संपण्याआधी त्याला स्वतःहून वळायची संधी मिळते. वळला की वाटाण्याएवढा खाऊ आणि लगेच पुन्हा मोकळीक. हा शेवटचा भाग लोक विसरतात. हाक म्हणजे मजा संपली असा अर्थ एकदा डोक्यात बसला की पार्कात तो हाताला लागत नाही.

या फिरण्यात अंतराला फारसं महत्त्व नाही. चाळीस मिनिटांत जेमतेम एक किलोमीटर झाला तरी चालेल, कारण खरं काम नाक करतं. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख धरतात, कुत्र्याच्या नाकात जातीनुसार त्या तीस कोटींपर्यंत जातात. एकाच खांबाशी दोन मिनिटं रेंगाळला तर ओढू नका. बीगलसारख्या हुंगणाऱ्या जातींना तर याचा पळण्यापेक्षा जास्त उपयोग होतो.

किती व्यायाम, याचं एकच उत्तर नाही. बहुतेक प्रौढ कुत्र्यांना दिवसाला एक ते दोन तास मानवतात, ते दोन-तीन भागांत. बॉर्डर कोली, हस्की यांना त्यातही डोक्याला काम हवं. पग, फ्रेंच बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्यांना कमी वेळ, गार वेळी आणि घोरल्यासारखा आवाज आला की थांबायचं. पिल्लांना भरपूर मोकळं खेळू द्या, पण सायकलमागे पळवणं, उंच उड्या, जिने असला प्रकार नको. हाडांच्या टोकांची वाढ मोठ्या जातींत बारा ते अठरा महिन्यांपर्यंत चालू असते. म्हाताऱ्या कुत्र्यांचं फिरणं बंद करू नका, त्याचे तुकडे करा. दहा-पंधरा मिनिटांच्या चार फेऱ्या सांध्यांना एका लांब फेरीपेक्षा सोसतात. जमतंय की नाही हे कुत्राच सांगतो. दुसऱ्या दिवशी उठताना लंगडला किंवा आखडला, तर आदल्या दिवशी जास्त झालं. वजनाचा अंदाज हाताने घ्या. बरगड्या दाबाव्या न लागता बोटांना जाणवायला हव्यात आणि वरून पाहिलं तर कंबर दिसायला हवी. प्रशिक्षणाचा खाऊ रोजच्या जेवणातून वजा करायला विसरू नका, नाहीतर इतकं फिरूनही कुत्रा गोल होतो.

आता पार्क. चांगलं पार्क ओळखायचं ते दारावरून. एकामागे एक दोन फाटकं आणि मध्ये छोटी जागा हवी. एकच फाटक असेल तर कुत्रा निसटणारच. मधल्या जागेत पट्टा सोडायचा, आणि सोबत हार्नेसही काढायचा. कुस्ती खेळताना दुसऱ्याचा खालचा जबडा हार्नेसच्या पट्ट्यात अडकतो, दोघंही घाबरून गोल फिरतात, पीळ आवळत जातो आणि एक गुदमरतो तर दुसऱ्याचे दात मोडतात. गळ्यात साधा, ओढला की सुटणारा पट्टा पुरे. साखळीचे किंवा काट्यांचे पट्टे आत न्यायचेच नाहीत. लांब दोरीही आत नको. चार कुत्र्यांच्या पायांत ती गुंतली की काय होतं ते सांगायला नको.

फाटकाशी कुत्र्यांची गर्दी असेल तर थांबा. नव्या पाहुण्याभोवती सहा जणांनी कडं केलं की तिथेच पहिली ठिणगी पडते. आत जाण्यापूर्वी पाच-दहा मिनिटं पट्ट्यावर चालवून अंग मोकळं करून घ्या, शी-शूही तिथेच उरकते. आत गेल्यावर माणसाने चालत राहायचं. बाकावर बसलेल्या मालकाभोवतीच कुत्रे गोळा होतात आणि कटकटी तिथेच होतात. वीस-तीस मिनिटं पुष्कळ झाली. भांडणं बहुतेक वेळा शेवटी होतात, थकलेल्या आणि चिडचिड्या अवस्थेत. त्या वेळात पाच-सहा वेळा हाक मारा, पट्टा लावा, खाऊ द्या, पट्टा काढा, सोडा.

खेळ चाललाय की छळ, हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. खेळात पुढचे पाय टेकवून ढुंगण वर करणं दिसतं, हालचाली सैल आणि उगाच मोठ्या असतात, पाठलाग करणारा आणि पळणारा अदलाबदल करतात, मध्येच दोघं थांबून श्वास घेतात. शंका आली तर मागे लागलेल्याला दहा सेकंद धरून ठेवा. पळणारा परत येऊन चिडवायला लागला तर खेळच आहे. तो संधी साधून मालकाच्या पायांत शिरला तर खेळ संपवा. शरीर ताठ, तोंड मिटलेलं, शेपूट उंच आणि जेमतेम हलणारं, दुसऱ्याच्या मानेवर हनुवटी ठेवून स्तब्ध उभं राहणं, हे दिसलं की गुरगुरण्याची वाट पाहू नका. ‘त्यांचं ते बघून घेतील’ म्हणणाऱ्या मालकांपासून लांब राहा, पार्कातली निम्मी भांडणं त्यांच्या कृपेने होतात. लहान कुत्र्यांसाठी वेगळी जागा नसेल तर चार-पाच किलोच्या कुत्र्याला मोठ्यांच्या गर्दीत सोडू नका. किंचाळत पळणारा छोटा जीव पाहून एरवी गरीब असणाऱ्या मोठ्या कुत्र्याचंही शिकारीचं अंग जागं होतं.

चेंडू, खेळणी आणि उघडा खाऊ आत न्यायला नको. चेंडूबद्दल आणखी एक सांगायचं तर यंत्रासारखं पन्नास वेळा चेंडू फेकणं हा चांगला व्यायाम नाही. प्रत्येक वेळी सुसाट वेग, करकचून ब्रेक आणि मुरडत वळण, याचा भार खांद्यांवर आणि गुडघ्यांवर येतो. एकट्याने खेळताना आठ-दहा फेका बस, त्याही जमिनीलगत. टेनिसच्या चेंडूची लव दात झिजवते, म्हणून गुळगुळीत रबरी चेंडू बरा, आणि तो घशात जाणार नाही इतका मोठा. काठी तर नकोच, तोंडात खुपसते.

भांडण लागलंच तर दोघांच्या तोंडांमध्ये हात घालू नका, गळ्यातला पट्टाही धरू नका. बादलीभर पाणी किंवा मोठा आवाज बऱ्याचदा पुरतो. नाही पुरला तर दोन्ही मालकांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय मांडीपाशी धरून मागे चालत जायचं. जबड्याने घट्ट पकडलं असेल तर मात्र खेचू नये, जखम फाटते. दाताचं भोक बाहेरून टिकलीएवढं दिसतं, आत कातडी सुटलेली असते. म्हणून त्याच दिवशी डॉक्टर.

लसी पूर्ण झाल्याशिवाय पिल्लाला पार्कात नेऊ नका. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो आणि पिल्लाचा शेवटचा डोस सोळा आठवड्यांच्या सुमारास किंवा त्यानंतर असतो. डिस्टेंपर, रेबीज, लेप्टोस्पायरोसिसच्या लसींच्या जोडीला पार्कात जाणाऱ्यांनी केनेल कफची (कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची) लसही डॉक्टरांना विचारून घ्यावी. सामाईक भांड्यातलं आणि डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका, जियार्डिया हा आतड्यातला परजीवी तिथूनही येतो. घरी आल्यावर कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीखाली गोचीड शोधायची. माजावर आलेली कुत्री आणि खोकणारा कुत्रा, दोघं घरीच.

उन्हाचं गणित वेगळं आहे, कारण कुत्र्याला घाम जवळपास येतच नाही; धापा टाकून तो थंड होतो. रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवा. नाही टेकवता आली तर त्याचे तळवेही भाजतील. जीभ फावड्यासारखी रुंद होऊन लोंबली, हिरड्या लालभडक झाल्या, चाल डगमगली की जागेवरच अंगभर पाणी ओता, वारा घाला आणि मगच डॉक्टरांकडे निघा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, तो गरम होऊन उष्णता कोंडतो. जेवण आणि पळापळ यांत दोन तासांचं अंतर ठेवा, विशेषतः ग्रेट डेनसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांत. पोट फुगलं, ओकारी येतेय पण बाहेर काही पडत नाही, असं दिसलं तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. तिथे तासांचा नाही, मिनिटांचा हिशोब असतो.

दोरी आणि हार्नेसला पैकीच्या पैकी गुण, हुकाचा एक कापून. पार्कला गुण द्यायचे तर कुत्रा बघून द्यावे लागतील. दोन-तीन वर्षांचे झाल्यावर पुष्कळ कुत्र्यांना अनोळखी कुत्र्यांशी खेळण्यात रस उरत नाही. ते कुंपणाच्या कडेने हुंगत फिरतात किंवा फाटकाशी येऊन उभे राहतात. त्यात बिघडलेलं काही नसतं. अशांना पार्क रिकामं असताना न्या, किंवा ओळखीच्या एकाच कुत्र्याबरोबर लांब दोरीवर समांतर चालवा, मधलं अंतर वीस मीटरपासून सुरू करून दोरी गुंतणार नाही इतपतच कमी करत.