आजोबांचा रंकाळा सोडवून देणारं फ्रेमिंगचं दुकान (मंगळवार पेठ, कोल्हापूर)

माझे आजोबा ड्रॉइंग मास्तर. शहरातल्या एका हायस्कुलात तीस वर्षं एलिमेंटरी-इंटरमीजिएटची पोरं तयार केली आणि दर रविवारी सकाळी सायकलला बोर्ड बांधून रंकाळ्यावर नाहीतर पंचगंगेच्या घाटावर गेले. त्यांची तेरा जलरंगातली चित्रं आमच्याकडे आहेत. अकरा ट्रंकेत, दोन भिंतीवर. भिंतीवरची दोन या दुकानात दिली होती, ती गेल्या आठवड्यात घरी आली. काम बघून राहवेना, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी चित्रांची अवस्था सांगते. आजोबा गेल्यावर, १९९६ साली, वडिलांनी दुसऱ्या एका ठिकाणी फ्रेमा करून घेतल्या होत्या. त्या माणसाने रंकाळ्याचं चित्र गोंद लावून हार्डबोर्डवर चिकटवलं, काच थेट कागदाला टेकवली आणि माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, इतका आत घेतला की उजव्या कोपऱ्यातली सहीच झाकली. कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. काचेच्या आतून ओल धरली, आकाशात तपकिरी ठिपके आले आणि माउंटच्या कडेने चित्रावर बोटभर करपल्यासारखी पट्टी उमटली. मला वाटायचं, जुनं झालं की असंच होतं.

दुकान लहान आहे. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. मालकांना सगळे मामा म्हणतात. त्यांनी चित्र हातात घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "सही कुठाय?" किंमत नाही, साइज नाही, फ्रेम कसली पायजे तेही नाही. मी म्हटलं, आजोबांचं आहे, सही नसेल केली. मामा म्हणाले, "मास्तर माणूस सही केल्याबिगर उठत नाही, ताई. हाय ती आतच."

मग त्यांनी करपलेल्या पट्टीचं कारण सांगितलं. साधा माउंट बोर्ड लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यात आम्ल असतं आणि वर्षानुवर्षं ते कागदात उतरतं. म्हणून ते चित्रांना सुती लगद्याचा, आम्ल नसलेला बोर्ड वापरतात. महाग पडतो. काच आणि चित्र यांच्यात बारीक पट्टी टाकून फट ठेवतात. "काचेला टेकलं की पावसाळ्यात चिकटतंय बघा, मग काढताना रंग काचेसंगं येतोय." चित्र आतल्या बोर्डाला धरायला जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या, त्या गव्हाच्या खळीने लावलेल्या. खळ पाण्याने सुटते, त्यामुळे उद्या कुणाला चित्र काढायचं झालं तर इजा न होता निघतं.

हार्डबोर्ड सोडवताना मी दोन दुपारी तिथे बसले होते. पाणी लावायची सोय नाही, जलरंग वाहून जाईल. मामांनी चित्र स्वच्छ कागदावर पालथं ठेवलं आणि मागून हार्डबोर्डच पातळ पातळ सोलत गेले, कांद्याच्या पापुद्र्यासारखा. चित्र बोर्डावरून ओढायचं नाही, बोर्ड चित्रावरून काढायचा. हातात बोथट पातं, दुसऱ्या हाताचा तळवा कागदावर दाबून धरलेला. नशिबाने गोंद चारी कडांना आणि मध्ये एका ठिकाणीच होता. शेवटचे धागे निघाले तशी कागदाची पाठ दिसली आणि तिथे पेन्सिलीत आजोबांचं अक्षर: "रंकाळा, स. ७, वारा फार." खाली सायकलचं अर्धवट रेखाटन. जलरंगासाठीचा व्हॉटमनचा कागद महाग असायचा, दोन्ही बाजू वापरायचे. उलटं केलं तर कोपऱ्यात सही होतीच, बारीक, लाल रंगात. वडिलांना फोन करून सांगताना मला बोलता येईना.

आपल्या गावाला कलापूर म्हणतात. पण हे कलापूर मोठ्या नावांवर जेवढं उभं आहे, तेवढंच आजोबांसारख्यांवरही आहे. पगार पुरायचा नाही, म्हणून ते संध्याकाळी मयत माणसांच्या फोटोंवरून मोठी पोर्ट्रेट करून द्यायचे, दुकानांच्या पाट्या लिहायचे, गॅदरिंगचे पडदे रंगवायचे. त्यात कमीपणा नव्हता. बाबूराव मेस्त्री नाटकांचे पडदे रंगवतच बाबूराव पेंटर झाले आणि त्याच माणसाने पुढे इथेच १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट काढला. त्यांच्या हाताखाली शिकलेले चंद्रकांत मांडरे पडद्यावर नट म्हणून गाजले, पण निसर्गचित्रं आयुष्यभर काढत राहिले. राजारामपुरीतलं त्यांचं कलासंग्रहालय मी लहानपणी आजोबांचा हात धरून पाहिलंय. आबालाल रहिमान शाहू महाराजांच्या दरबारात चित्रकार होते. १९२२ साली महाराज गेल्यावर त्यांनी आपली चित्रं कोटितीर्थ तलावात बुडवली असं आमच्याकडे अजून सांगतात. आजोबांच्या पिढीच्या मास्तरांची चित्रं मात्र कुणी बुडवली नाहीत. ती माळ्यावर कसरीने खाल्ली, भाड्याची घरं बदलताना हरवली, नाहीतर आमच्यासारखी गोंदाने चिकटवली गेली. मामांच्या टेबलावर त्या दिवशी अशीच एका मास्तरांची दोन चित्रं होती आणि एका नावाजलेल्या चित्रकाराचं एक. तिन्हींना बोर्ड एकच होता.

त्यांनी एक काम नाकारलं, तेही सांगायला हवं. आकाशातले तपकिरी ठिपके काढून द्या म्हटलं तर सरळ नाही म्हणाले. ते फ्रेमवाल्याचं काम नव्हे, कॉन्झर्व्हेशनवाल्याचं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं केंद्र आहे, तिथे विचारा म्हणाले. पैसे मिळत होते, तरी हात लावला नाही. माझा खरा विश्वास तिथे बसला.

दोन चित्रांचे ४,६०० रुपये झाले. साध्या फ्रेमेच्या मानाने हे कितीतरी जास्त आहेत, पण एवढ्या कामाला मला जास्त वाटले नाहीत. पंधरा दिवस सांगून पाच आठवडे लावले आणि मध्ये दोनदा मीच फोन केला तेव्हा कळलं की सुती बोर्ड संपलाय. हे आधी सांगायला हवं होतं. फ्रेमेच्या पट्ट्यांत फारशी निवड नाही, सोनेरी नक्षीकाम हवं असेल तर दुसरीकडे जा. साधी सागवानी पट्टी चांगली मिळते, पॉलिश हातानेच करतात. गाडी लावायला जागा नाही, मोठं चित्र असेल तर रिक्षाने न्या आणि उभं धरून न्या.

पावसाळ्यात चित्र देऊ नका, हवेत ओल असताना मामा फ्रेम बंद करत नाहीत. मी ट्रंकेतली अकरा दिवाळीनंतर नेणार आहे. त्यांनी बजावलंय की तोवर ट्रंकेतून काढून, मध्ये कोरे कागद घालून, कपाटाच्या वरच्या कप्प्यात आडवी ठेवा आणि डांबराच्या गोळ्या कागदाला लागू देऊ नका.