पुराच्या रानाला ‘अतिशय योग्य’ म्हणणारा रिपोर्ट

शिरोळ तालुक्यात पंचगंगेच्या काठाला आमचं पावणेतीन एकर रान आहे. सातबाऱ्यावर माझं नाव आणि थोरल्या भावाच्या माघारी वहिनींचं. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीकडं सरकलं की आम्ही जनावरं हलवायच्या तयारीला लागतो. २०१९ ला आणि २०२१ ला या रानातला उभा ऊस कुजला.

अशा रानासाठी फोन आला. दिवसाची सौर वीज बॅटऱ्यांत साठवून संध्याकाळी ग्रिडला, म्हणजे विजेच्या लाइनींच्या जाळ्याला द्यायचा प्रकल्प, तीस वर्षांचा भाडेकरार, एकरी वर्षाला चार लाख. शेतीपंपांना दिवसा सौर वीज द्यायच्या सौर कृषी वाहिनी योजनेत सरकार सौर प्रकल्पाच्या जागेला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं देतं, म्हणजे एकरी पन्नास हजार. आठपट भाडं ऐकूनही मी थांबलो नाही, हे मला लिहायलाच हवं.

दोन पोरं आली. ड्रोन उडवला, मोबाईलवर कोपरे टिपले, प्लास्टिकच्या पिशवीत चार मुठी माती भरली आणि पाऊण तासात गेली. आठ दिवसांनी चौदा पानी रिपोर्ट आला. शिक्का, सही, नकाशा आणि खाली ‘जागा अतिशय योग्य’. मग मूल्यांकन फी ११,८०० रुपये, ग्रिडच्या परवानगीचे ४२,००० आणि शेवटी मुद्रांक शुल्काचे ६१,०००. “काका, करार झाला की पहिल्या भाड्यात सगळं परत,” असं प्रत्येक वेळी सांगायचे. यातले ४०,००० वहिनींचे, पुतणीच्या कॉलेजसाठी ठेवलेल्या ऊसबिलातले. मीच त्यांना तयार केलं होतं.

शेवटची रक्कम गेली आणि फोन बंद झाला. कोल्हापुरात स्टेशन रोडचा पत्ता दिला होता, तिथं गेलो तर गाळ्याचं शटर खाली. शेजारच्यांनी असलं कुठलं ऑफिस कधी बघितलंच नव्हतं.

माझा भाचा वीज ठेकेदाराकडं काम करतो. रिपोर्ट वाचून त्यानं एकच विचारलं, “मामा, त्यांनी पुराचं विचारलं का?”

नव्हतं विचारलं. त्याच्या सांगण्याप्रमाणं खरा माणूस आधी सबस्टेशन बघतो. ते किती केव्हीचं, म्हणजे किती दाबाच्या विजेचं, बॅटरी भरायला आणि परत वीज सोडायला तिथं क्षमता शिल्लक आहे का, लाइन कुणाकुणाच्या रानातून जाणार. मग पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणारी जलसंपदा खात्याची निळी आणि लाल पूररेषा. आमचं रान तिथंच बाद झालं असतं. बॅटऱ्यांनी भरलेला वीस फुटी कंटेनर तीस टनांच्या वर भरतो, आणि आमच्या पाणंदीतून पावसाळ्यात ट्रॅक्टर निघत नाही. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. असल्या जमिनीत पाया घ्यायचा तर बोअर मारून खोलवरचे नमुने काढतात. शिवाय अशा एका कंटेनरात काही मेगावॅट-तास, म्हणजे काही हजार युनिट वीज मावते, त्यामुळं सौर पॅनेलसारखी एकरांवर एकर जागा लागत नाही, आणि बऱ्याच निविदांत तर जागा सबस्टेशनच्या आवारातच दिलेली असते.

खरी कंपनी रान तपासायचा खर्च स्वतः करते. भाडेकराराचं मुद्रांक शुल्क, वेगळं ठरलं नसेल तर, जागा भाड्यानं घेणाऱ्यानं भरायचं असतं, आणि ते चलनानं सरकारजमा होतं. मी ते एका माणसाच्या बचत खात्यावर भरलं.

सायबर पोलिसांकडं तक्रार दिली, पण अकरा दिवसांनी. लाजेनं गप्प बसलो होतो. तोवर खातं रिकामं झालेलं. पैसे गेल्याचं कळताच त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. ते मला ठाऊक नव्हतं.

वहिनी नको म्हणतात, तरी त्यांचे चाळीस हजार मी या गळिताच्या पहिल्या बिलातून देणार आहे. तो चौदा पानी रिपोर्ट मी जपून ठेवलाय. तुमच्याकडं असला कागद आला असेल तर पैसे भरायच्या आधी घेऊन या, दोन्ही शेजारी ठेवून बघू.