जपानची मेक्स्ट स्कॉलरशिप: पैसे चोख, पण पहिला महिना स्वतःच्या जिवावर

जपान सरकारची ही स्कॉलरशिप (मेक्स्ट म्हणजे तिथलं शिक्षण मंत्रालय) 1954 पासून चालू आहे, मी मास्टर्ससाठी घेतली, एम्बसीच्या रूटने, म्हणजे आपल्याकडच्या जपानी एम्बसीत अर्ज करून. 5 पैकी 4 स्टार देतेय.

पैशांच्या बाबतीत नावं ठेवायला जागा नाही. ट्यूशन फी शून्य, जायचं विमानाचं तिकीट सरकारचं, वर मास्टर्सला महिन्याला 1 लाख 44 हजार येन (पीएचडीला हजारभर जास्त). छोट्या शहरात असाल तर मस्त भागतं, टोक्योत मात्र भाड्यातच बरेचसे उडतात मग हात आखडता घ्यावा लागतो. हेल्थ इन्शुरन्सचा हप्ता आपणच भरायचा. नवरा, बायको, पोरं कुणाला सोबत नेणार असाल तर त्यांच्यासाठी वेगळं काहीही मिळत नाही.

आणि हे पैसे आपोआप जमा होत नाहीत बरं का, दर महिन्याला युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात स्वतः जाऊन सही करायची, सही राहिली की त्या महिन्याचे पैसे गेले! आमच्यातली पोरं सुट्टीत घरी जायचं तिकीटसुद्धा सहीची तारीख बघून काढायची.

एक स्टार कापला तो इथे: पहिले पैसे पोचल्या पोचल्या मिळत नाहीत, महिना-दीड महिना जातो. सरकारी सूचनांमध्येच लिहिलेलं असतं की सुरुवातीच्या खर्चाला साधारण 2000 डॉलर घेऊन या. आता ज्याच्या घरी पैसे नाहीत म्हणून तो स्कॉलरशिप शोधतोय त्याने हे आणायचे कुठून? त्यात रूम घ्यायची तर डिपॉझिट, घरमालकाला द्यायचे परत न मिळणारे पैसे, सगळं एकदम अंगावर येतं. डॉर्म मिळत असेल तर डोळे झाकून घ्या.

निवडीचं म्हणाल तर कागदपत्रं, लेखी परीक्षा (जपानी येत नसेल तरी त्या पेपरला बसावंच लागतं), मग इंटरव्ह्यू. एम्बसीचा राउंड पास झाला की सगळे पेढे वाटतात पण खरी धावपळ तिथून पुढे, कारण आपल्याला घ्यायला तयार असलेला प्रोफेसर आपणच शोधायचा आणि त्या युनिव्हर्सिटीकडून प्रोव्हिजनल अ‍ॅक्सेप्टन्सचं, म्हणजे तात्पुरत्या होकाराचं लेटर मिळवायचं. एकच मेल नाव बदलून सगळ्यांना पाठवला तर कोणी ढुंकून बघत नाही. त्यांच्या लॅबचे अलीकडचे एक-दोन पेपर खरंच वाचा आणि आपला रिसर्च प्लॅन त्यात कुठे बसतो ते चार ओळींत लिहा. इंटरव्ह्यूलाही सगळा भर त्या प्लॅनवरच होता, मार्कांचं कोणी फारसं विचारलं नाही.

अजून एक, बरेच जण आधी रिसर्च स्टुडंट म्हणून, म्हणजे डिग्रीला प्रवेश न घेता जातात, मास्टर्सची एन्ट्रन्स नंतर तिथे द्यायची असते. ती पास झालात आणि स्कॉलरशिपची मुदतवाढ मंजूर झाली तरच पैसे पुढे चालू राहतात. परतीचं तिकीटही कोर्स संपल्यावर ठरलेल्या मुदतीत मायदेशी परतणाऱ्यालाच मिळतं. तिथेच नोकरीला लागलात तर ते विसरा.